घरौंदा : लग्न ठरलंय, जागा मिळत नाही

रविवारी दुपारी हे घोरत होते, म्हणून मी ‘घरौंदा’ सिनेमा लावला. तिसऱ्यांदा.

पालेकर आणि झरीना वहाब म्हटलं की लोकांना १९७६ चा ‘चितचोर’ आठवतो. वर्षभराने याच जोडीने मुंबईत काय भोगलं, ते फारसं कुणी बघितलेलं नाही. सुदीप आणि छाया एकाच ऑफिसात. दोघांच्या लग्नाच्या आड कुणाचा बाप येत नाही की जात येत नाही. आड येते ती जागा! पै पै साठवून फ्लॅट बुक करतात आणि बिल्डर पैसे घेऊन पसार होतो.

‘दो दीवाने शहर में’ हे गाणं रेडिओवर शंभरदा ऐकलेलं असतं, पण एकदा बघाच. अर्धवट बांधलेल्या इमारतीत दोघं हुंदडत असतात आणि डोळ्यांत संसार मांडून झालेला असतो. मला तिथे आमचं डोंबिवली दिसतं. १९९१, दुसऱ्या मजल्याचा नुसता स्लॅब. ह्यांनी विटेच्या तुकड्याने ओटा आखला आणि मी विचारलं, “आई कुठे झोपणार?” ताबा मिळायला चार वर्षं उशीर झाला. बुकिंगची पावती अजून कपाटात आहे, कुणास ठाऊक कशासाठी.

खरी गंमत पुढे आहे. ऑफिसचे मालक मोदी श्रीमंत, विधुर, हृदय अधू. ते छायाला मागणी घालतात आणि सुदीपच तिला म्हणतो, हो म्हण, म्हातारा किती दिवस जगणार! नेहमीचा लाजरा, भाबडा पालेकर इथे इतका कोता वागतो की राग येतो, आणि राग येतानाच त्याची कीवही येते. डॉ. लागूंनी मोदी असा उभा केलाय की आपण नकळत त्यांच्या बाजूला सरकतो. ना खलनायकी, ना लाचारी. सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर त्यांना याच भूमिकेसाठी मिळालं. छायाचं मन कुठल्या क्षणी वळतं, ते मला तीनदा बघूनही नेमकं पकडता आलेलं नाही.

उत्तरार्धात सुदीपचं कुढणं लांबतं, तेवढं सोसा. जयदेवचं संगीत आणि भूपिंदरचा आवाज आहे सोबतीला.

दिग्दर्शक भीमसेन म्हणजे दूरदर्शनवरच्या ‘एक चिडिया, अनेक चिडिया’ या कार्टूनवालेच. त्या चिमण्या जाळ्यासकट उडून गेल्या होत्या.

शेवट सांगत नाही. हे उठले तेव्हा मी विचारलं, “तुम्ही मला आपल्या मॅनेजरशी लग्न कर म्हणाला असतात का हो?” आमचंही ऑफिसातच जमलेलं.

हे म्हणाले, “तो मेला ठणठणीत होता. चहा टाक.”