उन्हाळी लागवड : अंगणातील वाफा की गच्चीवरील कुंड्या?

माघ सरता सरता नागपुरातली थंडी ओसरते आणि भेंडी, चवळी, काकडी, ढेमसे, झिनिया यांच्या बियांची पाकिटे घरात येऊन पडतात. ज्यांच्याकडे थोडे अंगण आहे आणि गच्चीही आहे, त्यांच्यापुढे मग जागेचा प्रश्न उभा राहतो. मी आधी तीन उन्हाळे गच्चीवर आणि नंतरचे दोन अंगणात लागवड केली.

गच्चीची बाजू कमकुवत मुळीच नाही. माती आपल्या मनासारखी कालवता येते, मोकाट गुरांचे भय नसते आणि फुलांना भरपूर ऊन मिळते. अंगणातल्या काळ्या मातीचे मात्र सांभाळावे लागते. ओली असताना ती खुरप्याला चिकटते आणि वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या वर्षी वापसा येण्याची, म्हणजे ओल उतरून माती खणण्याजोगी होण्याची, वाट न पाहता मी वाफा खणला, तेव्हा निघालेली ढेकळे हंगाम संपेपर्यंत फुटली नाहीत.

तरीही माझा कौल फिरला तो पाण्यामुळे. एप्रिलनंतर गच्चीवरच्या टाकीतले पाणी संध्याकाळी सहा वाजताही हात धरवत नाही इतके कढत असते, आणि उन्हात पडलेल्या नळीतून येणारी पहिली धार तर त्याहून वाईट. एकदा घाईत तेच पाणी काकडीला घातले आणि सकाळी वेल माना टाकून पडलेले दिसले. त्यानंतर रोज रात्री बादल्या भरून ठेवायच्या, सकाळी त्या पाण्याने झाडे भिजवायची आणि संध्याकाळी पुन्हा तेच करायचे, असा क्रम लागला. एका लग्नासाठी दोन दिवस गावी जावे लागले आणि तेवढ्यात निम्म्या कुंड्या गेल्या. ज्या वेली तगल्या, त्यांच्या काकड्या कडू निघाल्या.

अंगणात हा जाच नाही. काळी माती ओल धरून ठेवते, आणि नेमक्या लागवडीच्या दिवसांत कडुनिंबाची पानगळ होत असल्याने आच्छादनाचा पालाही फुकट मिळतो. आळ्यात बोटभर जाडीचा थर दिला, तर मे महिन्यातही एक दिवसाआड पाणी मला पुरले. ज्यांच्या गच्चीवर दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली येते किंवा ज्यांनी हिरवी जाळी बांधली आहे, त्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल, आणि ज्यांना अंगणच नाही त्यांना गच्चीवाचून इलाज नाही.

माझ्या गच्चीवर आता फक्त ऑफिस टाइमच्या (पोर्टुलाका या फुलझाडाच्या) कुंड्या उरल्या आहेत, कारण ते झाड थोड्या पाण्यावर तग धरते. भाज्या सगळ्या खाली आल्या. भेंडी मी फेब्रुवारीअखेर टोकतो, म्हणजे पन्नासेक दिवसांनी तोडा सुरू होतो आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत महिनाभर घरची भेंडी मिळते.