निसर्ग पर्यटनाची पदवी की संवर्धन जीवशास्त्राची?

निसर्ग पर्यटनात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे विद्यापीठात साधारणपणे दोन पर्याय असतात : पर्यटन विभागातील निसर्ग पर्यटनाची पदवी, किंवा संवर्धन जीवशास्त्राची पदवी घेऊन नंतर पर्यटनाकडे वळणे. माहितीपत्रकांवरची छायाचित्रे दोन्हीकडे सारखीच असतात, त्यामुळे निवड विषयांची यादी वाचूनच करावी.

पहिल्या अभ्यासक्रमात पर्यटकांचे व्यवस्थापन, विपणन, हिशेब, प्रमाणन आणि स्थानिकांचा सहभाग यांवर भर असतो. दुसऱ्यात परिसंस्था, प्राणिगणना आणि संख्याशास्त्र यांवर. उदाहरणार्थ, रवांडात एका गोरिला कुटुंबाला दिवसातून जास्तीत जास्त आठ पर्यटक, तेही तासभरच, भेटू शकतात. माणसाच्या श्वसनमार्गाचे आजार गोरिलांना होऊ शकतात, त्यामुळे संपर्क मर्यादित ठेवावा लागतो, हे जीवशास्त्राचा विद्यार्थी जाणतो. मात्र परवान्याचे शुल्क किती असावे आणि त्या उत्पन्नातला वाटा उद्यानाशेजारच्या गावांपर्यंत कसा पोहोचवावा, हे प्रश्न पर्यटनाच्या अभ्यासात येतात.

अमेरिकेच्या वनसेवेने १९८५ मध्ये मांडलेली ‘स्वीकारार्ह बदलाच्या मर्यादा’ ही पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. किती माणसे आत सोडावीत, याऐवजी किती बदल चालेल, असा प्रश्न तिने विचारला. पायवाटेची झीज किंवा पक्ष्यांचे घरटी सोडून जाणे मोजायला क्षेत्रीय शास्त्र लागते. त्यांपैकी किती चालवून घ्यायचे, हे मात्र गावकरी, वनाधिकारी आणि व्यावसायिक यांच्या वाटाघाटीत ठरते आणि तेथे केवळ जीवशास्त्र अपुरे पडते.

माझ्या मते, ज्याचा निर्णय पक्का नाही त्याने आधी जीवशास्त्र घ्यावे. त्यानंतर पर्यटन व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेणे तुलनेने सोपे असते. उलट दिशेने जाताना मात्र पायाभूत विज्ञान आणि संख्याशास्त्र नव्याने शिकावे लागते. ज्याला स्वतःचा व्यवसाय उभारायचा आहे किंवा गावांसोबत काम करायचे आहे, त्याला हा सल्ला लागू नाही. त्याने सरळ निसर्ग पर्यटनाची पदवी घ्यावी, फक्त तिच्यात परिसंस्थेचा निदान एक सखोल विषय आहे ना, हे पाहून घ्यावे. केवळ वाटाड्या व्हायचे असेल, तर अनेक ठिकाणी पदवीपेक्षा स्थानिक परवाना महत्त्वाचा ठरतो. इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर राष्ट्रीय उद्यानाची मान्यता असलेल्या मार्गदर्शकालाच पर्यटकांचे गट नेता येतात.

प्रवेशापूर्वी क्षेत्रकार्याची चौकशी अवश्य करावी. विद्यार्थी स्वतः नोंदी घेऊन त्यांचे विश्लेषण करतात, की शिक्षकांसोबत अभयारण्य पाहून परततात, हे आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्यांकडून नेमके कळते.