टॉन्सिलचा कर्करोग: रोबोटिक शस्त्रक्रिया की रेडिएशन?

टॉन्सिलची किंवा जिभेच्या मुळाची गाठ लहान असताना सापडली की डॉक्टर बहुधा हे दोन्ही मार्ग सांगतात आणि घरचे पेचात पडतात.

रोबोटिक शस्त्रक्रियेत सर्जन तोंडावाटे यांत्रिक हात घालून गाठ काढतो, त्यामुळे जबडा कापून उघडावा लागत नाही; मानेतील लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) मात्र बहुधा वेगळ्या छेदातून काढाव्या लागतात. रेडिएशन साधारण सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते.

खरा प्रश्न गिळण्याचा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑरेटर’ चाचणीत ६८ रुग्णांची तुलना झाली. वर्षभरानंतर गिळणे किती जमते याचे गुण रेडिएशनच्या गटात किंचित सरस होते, पण तो फरक रुग्णाला जाणवण्याइतका मोठा नव्हता. शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका असतो, तोंड कमी उघडण्याचा त्रास होऊ शकतो. रेडिएशनने तोंड कोरडे पडते, आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध दिल्यास ऐकू कमी येऊ शकते.

खर्चाचा विचार करताना हे विसरू नये, की काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी उरल्या किंवा रोग ग्रंथीबाहेर पसरलेला आढळला, तर शस्त्रक्रियेनंतरही रेडिएशन आणि केमोथेरपी घ्यावीच लागते.

म्हणून गाठ लहान, सहज पोहोचता येणारी आणि ग्रंथींत रोग नसलेली किंवा अत्यल्प असेल, तर अनुभवी सर्जनकडे शस्त्रक्रिया योग्य. ग्रंथींत रोग अधिक असेल किंवा भूल झेपणार नसेल, तर रेडिएशन बरे.