लिथॉप्स: बरेच महिने सांभाळल्यावरचा अनुभव

आधीच सांगतो, ज्यांना रोज झारी घेऊन झाडांपाशी घुटमळायची सवय आहे त्यांनी हे घेऊ नका. लिथॉप्स मरतं ते बहुतेक वेळा लाडानेच.

दिसायला अगदी खडा. दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली, मधे एक फट, बास. मूळचं साऊथ आफ्रिका आणि नामिबियातल्या कोरड्या खडकाळ भागातलं, तिथे जनावरांच्या तोंडातून वाचायला हे सोंग. बर्चेल नावाच्या इंग्रज माणसाने १८११ मध्ये जमिनीवरून चमत्कारिक दगड म्हणून उचलला आणि हातात निघालं झाड! माझ्याकडे लेस्लिई आहे, नवीन लोकांनी हीच जात घ्या नाहीतर सॅलिकोला, दोन्ही त्यातल्या त्यात सोशिक आहेत.

आलं तेव्हा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या नारळाच्या भुशात, कोंबलेलं होतं, विकणाऱ्याला काय, माल गेला की झालं. ते सगळं काढून मुळं सुकू दिली आणि परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे), जाडी वाळू, विटेचे बारीक तुकडे असं मिक्स केलं, माती अगदी नावाला. कुंडी खोलच घ्या, कारण सोटमूळ चांगलं लांब जातं, ते उथळ ट्रे फोटोपुरते ठीक.

आता खरी गंमत. वर्षातून एकदा हे पानं बदलतं. फट रुंदावते, आत नवीन जोडी दिसायला लागते, तीही जुनीच्या बरोब्बर आडवी, आणि बाहेरची जुनी पानं मऊ पडून सुरकुतायला लागतात आणि बघणाऱ्याला वाटतं गेलं हे, पाणी घाला पाणी घाला. इथेच हात आवरायचा! जुन्या पानांतलं पाणीच नवीन पानं ओढून घेत असतात, शेवटी जुन्यांची कांद्याच्या सालीसारखी पातळ पापुद्री उरते, तोपर्यंत थेंबही नाही. मधेच पाणी घातलंत तर जुनी पानं सुकतच नाहीत, दोन जोड्या एकमेकींवर बसतात नाहीतर पान सरळ फाटतं.

बाकी वेळी बाजूला बोटाने हलकं दाबून बघतो, मऊ लागलं आणि बारीक सुरकुत्या दिसल्या की खालच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी, मग मिक्स पूर्ण सुकेपर्यंत विसरायचं. कडक उकाड्यात ते झोपतं, तेव्हा पाणी जवळपास बंद. ऊन चार-पाच तास तरी हवंच, कमी पडलं तर खडा राहत नाही, उंच होऊन बेढब दिसतं. पण सावलीतून एकदम भर दुपारच्या उन्हात ठेवू नका, करपतं आणि तो डाग पानं बदलेपर्यंत तसाच राहतो.

वरच्या नक्षीत जे गडद, थोडं काचेरी भाग दिसतात ना, त्या खिडक्या. झाडाचा बराचसा भाग मूळ ठिकाणी जमिनीत गाडलेला असतो, उजेड या खिडक्यांतून आत उतरतो आणि आतल्या हिरव्या थरात अन्न तयार होतं. भिंग घेऊन बघा एकदा, वेळ कसा जातो कळत नाही.

फूल आलं. पिवळंधमक, झाड जवळपास झाकून टाकेल एवढं. दुपारी उमलतं, संध्याकाळी मिटतं, परत दुसऱ्या दिवशी तेच, असं काही दिवस चाललं. ऑफिसवाल्यांना मात्र सुट्टीच्या दिवशीच दर्शन. बियांपासून वाढवाल तर फुलाला साधारण तीन वर्षं तरी धरा, एवढा धीर नसेल तर मोठं रोप घ्या, पण नर्सरीत बियांपासून वाढवलेलंच, जंगलातून उपटून आणलेलं नको.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वाढीच्या वेगासाठी, महिनोन्महिने बघत बसा, काही म्हणजे काही हलत नाही. शिवाय एकट्या झाडाला बी सहसा धरत नाही, परागीकरणाला त्याच जातीचं दुसरं झाड लागतं, आणि मला ते बियांचं बोंड बघायचंच आहे कारण ते पाणी पडल्यावर उघडतं आणि सुकलं की परत मिटतं. म्हणजे अजून एक लेस्लिई घेणं आलं, तेही फुलाच्या वयाचं.