५०० मीटर की १,५०० मीटर? स्पीड स्केटिंगमधील ऊर्जेचा हिशेब

चारशे मीटरच्या बर्फाच्या ओव्हलवर सराव करणाऱ्या स्केटरला आपली तयारी ५०० मीटरभोवती बांधायची की १,५०० मीटरभोवती, हे कधी ना कधी ठरवावे लागते. बहुतेक जण तेव्हा पहिल्या १०० मीटरची वेळ पाहतात. माझ्या मते ती मोजपट्टी अपुरी आहे.

मार्च २०१९ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या विरळ हवेत रशियाच्या पावेल कुलिझ्निकोव्हने ५०० मीटर ३३.६१ सेकंदांत, तर नेदरलँड्सच्या केल्ड नाउसने १,५०० मीटर १ मिनिट ४०.१७ सेकंदांत पूर्ण केले. सरासरी वेग पाहिला तर पहिल्याचा ताशी सुमारे ५३.६ आणि दुसऱ्याचा सुमारे ५३.९ किलोमीटर भरतो. तिप्पट अंतर कापणाराच किंचित वेगवान ठरतो! याचे कारण जागेवरून घेतलेल्या सुरुवातीत आहे. ८० किलोच्या स्केटरला सेकंदाला १५ मीटर वेगापर्यंत न्यायचे तर ९,००० जूल गतिज ऊर्जा लागते, आणि ती कमावलेली गती वापरायला ५०० मीटरमध्ये अंतरच फारसे उरत नाही. सुरुवातीचा हा खर्च मुख्यतः स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट हे झटपट ऊर्जा देणारे रसायन भागवते. तो साठा दहाएक सेकंदांत बराचसा आटतो आणि मग ग्लायकोजेनचे, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेचे, ऑक्सिजनविना होणारे विघटन भार उचलते. त्यामुळे येथे ऊर्जा किती आहे यापेक्षा ती किती झपाट्याने बाहेर पडते, याला महत्त्व असते.

१,५०० मीटरचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. सर्व ताकद लावून केलेल्या सुमारे ७५ सेकंदांच्या श्रमात ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेचे वाटे साधारण सारखे होतात असे मानले जाते. त्या हिशेबाने शंभर सेकंदांहून लांबणारी शर्यत ऑक्सिजनकडे झुकायला हवी. पण स्केटर धावपटूसारखा ताठ नसतो. गुडघे जवळजवळ काटकोनात, पाठ जवळपास आडवी, आणि घसरण्याच्या प्रत्येक टप्प्यात मांडीचे स्नायू आवळलेले. त्या दाबाने रक्तप्रवाह अडतो आणि हृदय-फुप्फुसे समर्थ असूनही ऑक्सिजन स्नायूपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. परिणामी तेवढाच वेळ चालणाऱ्या धावण्यापेक्षा ऑक्सिजनविना मार्गावर अधिक भार पडतो, आम्लता वाढते आणि मांड्या पेटतात. शेवटच्या वळणावर बाजूने पाहिले तर कंबर चार बोटे वर आलेली दिसते. त्याने रक्ताला वाट मिळते खरी, पण हवेचा रोध वाढतो आणि बाजूला मारायचा रेटा आखूड होतो. म्हणूनच आघाडीच्या स्केटरांचीही तिसरी पूर्ण फेरी पहिलीपेक्षा स्पष्टपणे मंदावते.

सरावातही हाच फरक उतरतो. ५०० साठी वजन प्रशिक्षण, उड्या आणि छोट्या सुरुवाती लागतात. दोन प्रयत्नांमध्ये कित्येक मिनिटांची पूर्ण विश्रांती हवी, कारण ती टाळली की सराव वेगाचा न राहता केवळ थकण्याचा होतो. १,५०० साठी सायकलिंगचा दीर्घ पाया आणि त्यावर मोजकी, अंगावर येणारी लॅक्टेट सत्रे (मांड्या पेटेपर्यंत ताणलेले जोरदार सराव) असतात, ज्यांतून सावरायला एखाद-दुसरा दिवस जातो. क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरण्यासाठीही ऑक्सिजनच लागतो, तेव्हा हा पाया ५०० वाल्यालाही अगदीच वाया जात नाही. उलट दिशेचा लाभ मात्र मर्यादित असतो. १,००० मीटर या दोहोंच्या मधला मार्ग आहे. अमेरिकेच्या जॉर्डन स्टोल्झने २०२३ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५००, १,००० आणि १,५०० ही तिन्ही सुवर्णपदके जिंकली, पण अशा अपवादावर आपला कार्यक्रम बेतू नये.

निर्णयाआधी एक चाचणी घ्यावी: ३०० मीटर आणि त्यापुढे तीन पूर्ण फेऱ्या, म्हणजे संपूर्ण १,५०० मीटर, पूर्ण जोराने घालाव्यात आणि कोणाकडून तरी बाजूने चित्रीकरण करून घ्यावे. दुसऱ्या फेरीतच कंबर उचलली जात असेल आणि सुरुवात मात्र धारदार असेल, तर निदान या हंगामात ५०० निवडावे. मांड्या पेटल्यावरही गुडघ्याचा कोन टिकत असेल, तर पहिले १०० मीटर सामान्य असले तरी १,५०० कडे जावे. सुरुवात पुढे सुधारता येते.