रेव्हिट: एलिमेंट ओव्हरराइड की व्ह्यू फिल्टर?

रेव्हिट या इमारतींचे मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अग्निरोधक भिंती आराखड्यात लाल दाखवण्यासाठी कोणता मार्ग धरावा, असे एका सहकाऱ्याने विचारले. एलिमेंट ओव्हरराइडला, म्हणजे एकेका घटकाचे रूप हाताने बदलण्याला, तयारी लागत नाही. भिंत निवडून रंग दिला की काम होते. मात्र तो बदल त्याच व्ह्यूपुरता (मॉडेलच्या त्या एका दृश्यापुरता) राहतो, व्ह्यू टेम्प्लेटमध्ये (अनेक व्ह्यूंना एकदम लावायच्या मांडणीत) जात नाही आणि उद्या काढलेली नवी भिंत काळीच दिसते. व्ह्यू फिल्टर नियमात बसणाऱ्या घटकांना आपोआप रूप देतो. त्याला ‘फायर रेटिंग’सारख्या (आगीला तोंड देण्याच्या क्षमतेच्या) पॅरामीटरवर, म्हणजे घटकाच्या माहितीच्या रकान्यावर, नियम बांधावा लागतो, पण रेटिंग भरताच भिंत आपोआप लाल होते आणि टेम्प्लेटमधून तोच नियम अनेक व्ह्यूंना लागतो, अर्थात पॅरामीटर रिकामे असल्यास फिल्टर निरुपयोगी. शिवाय दोन्ही लावल्यास ओव्हरराइड वरचढ ठरतो, त्यामुळे विसरलेला जुना ओव्हरराइड शोधण्यात फार वेळ जातो. एखाद्याच तपशिलासाठी ओव्हरराइड पुरे. सतत बदलणाऱ्या, अनेकांच्या हातातील प्रकल्पासाठी मी फिल्टरच निवडेन.