12 व्होल्टचे बॅटरी ड्रिल : लातूरच्या उन्हाळ्यातील वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर घेतलेले 12 व्होल्टचे ड्रिल मशीन मृग लागेपर्यंत लातूरच्या घरी नियमित वापरून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. बिट पकडणारा, हाताने आवळता येणारा 10 मिलिमीटरचा चक, दोन वेग, दोन बॅटऱ्या आणि चार्जर एवढे साहित्य पेटीत मिळते. 12 व्होल्ट हा आकडा बॅटरी पूर्ण भरलेली असतानाचा आहे, आत 3.6 व्होल्टचे तीन सेल ओळीने जोडलेले असल्यामुळे प्रत्यक्ष काम 10.8 व्होल्टच्या आसपास चालते. मोठ्या मशीनशी तुलना करताना हे ध्यानात घ्यावे.

उन्हाळ्याची कामे आमच्याकडे होळीच्या सुमारास पत्र्याच्या कूलरपासून सुरू होतात. जुने गवत काढायचे तर आधी जाळ्या सुटल्या पाहिजेत, आणि बोअरच्या जड पाण्याने त्यांचे स्क्रू क्षार व गंज यांनी घट्ट धरून ठेवलेले असतात. अशा स्क्रूला थेट मशीन लावले तर त्याची खाच झिजून जाते. त्यामुळे थोडे तेल सोडून, पेचकसावर हातोडीचे दोन हलके ठोके देऊन तो आधी हातानेच हलवावा आणि मग उरलेले फिरवण्याचे काम मशीनवर सोपवावे. परत बसवताना मात्र मशीनची खरी किंमत कळते. क्लचची, म्हणजे ठरावीक जोरानंतर फिरणे थांबवणाऱ्या भागाची, कडी लहान आकड्यावर ठेवली की स्क्रू बसताच टरटर आवाज होऊन फिरणे थांबते आणि पातळ पत्र्यातील भोक मोठे होत नाही. माझ्या मते या वर्गातील मशीन निवडताना ताकदीपेक्षा क्लच अधिक पारखून घ्यावा.

दुसरे मोठे काम 200 लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपांना तोटी बसवण्याचे होते. ज्या शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेथे उन्हाळ्यात रिकामे पिंप पडू द्यावेसे कोणाला वाटेल? तोटी जोडण्यासाठी भोकात बसवायच्या अर्ध्या इंची टँक निपलच्या आट्यांचा बाहेरील व्यास सुमारे 21 मिलिमीटर असतो, म्हणून 22 मिलिमीटरचा होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारे दातेरी पाते, घेतला. वेग कमी ठेवला तर प्लास्टिकची स्वच्छ चकती निघते. वेग वाढवला की ते वितळून दात्यांत अडकते आणि कड खरबरीत राहते, मग रबरी वायसर कितीही आवळले तरी पाणी पाझरते. भोक तळापासून चार बोटे वर घ्यावे, म्हणजे तळाचा गाळ तोटीत येत नाही. निपलची आतली चकी (नट) पान्याने धरायला मात्र दुसरा माणूस लागतोच.

लाकडात अनुभव संमिश्र आहे. शेडनेटच्या चौकटीसाठी आणलेल्या साध्या पट्ट्यांत स्क्रू सहज गेले. वाळलेल्या बाभळीत आधी बारीक भोक पाडल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही, आणि जाड भोकासाठी तर जुने गिरमिटच बरे पडते. या मशीनला हॅमरची, म्हणजे फिरताना ठोके देण्याची, सोय नाही. विटेच्या भिंतीत 6 मिलिमीटरचे भोक सावकाश पडते, पण काँक्रीटच्या तुळईत किंवा गावाकडच्या काळ्या दगडाच्या भिंतीत प्रयत्नच करू नये. त्यासाठी इलेक्ट्रिशियनचे रोटरी हॅमर बोलवावे.

खरी अडचण उन्हाची आहे, आणि विक्रेता तिच्याबद्दल बोलत नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारण 40 ते 45 अंशांपेक्षा अधिक तापमानात चार्ज करू नये, असे बहुतेक उत्पादक सांगतात. मे महिन्यात दुपारी आमच्या पत्र्याच्या खोलीत तेवढी उष्णता काम सुरू होण्याआधीच असते. गच्चीवर काम करून आणलेली बॅटरी लगेच लावली, तर चार्जरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि ती निवल्याखेरीज चार्जिंग सुरू होत नाही. म्हणून पहाटे गारव्यात चार्जिंग, सकाळी दहाच्या आत काम आणि दुपारी बॅटरी काढून माठाशेजारच्या कोनाड्यात, असा क्रम बसवला. दुसरी बॅटरी नसती तर तोही जमला नसता. स्कूटरच्या डिकीत ती ठेवणे तर पूर्ण टाळावे.

कूलर, पिंप, फर्निचर आणि शेडनेट एवढीच कामे असतील, तर हे हलके मशीन 18 व्होल्टच्या जड मशीनपेक्षा सोयीचे आहे, विशेषतः शिडीवर एका हाताने धरताना. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, तेव्हा घेण्यापूर्वी सुट्या बॅटरीची किंमत आणि ती आपल्या गावात मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारावे.